परत आलेला सरनौबत

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेलहून खोपोलीकडे निघालं की वाटेत चौक लागतं. डाव्या हाताला कर्जतचा रस्ता फुटतो आणि त्याच बाजूला इर्शाळगडाचा सुळका डोकं वर काढून उभा असतो. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हापासून या डोंगराकडे पाहिलं की पोटात कालवतं. पण त्याच्या पायथ्याच्या या गावाची आणखी एक ओळख आहे, आणि ती आपणच विसरत चाललोय. शिवाजी महाराजांचे सरनौबत नेताजी पालकर हे या चौकचे. खालापूर तालुक्यातलं हे गाव त्यांचं जन्मगाव मानलं जातं.

घरात मुलांना विचारून बघा, नेताजी म्हटलं की कोण आठवतं? सुभाषबाबू. त्यात त्यांची चूक नाही. सुभाषबाबू मोठेच होते. पण तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका माणसाला लोक प्रतिशिवाजी म्हणत, म्हणजे दुसरा शिवाजीच, हे आपल्या मुलांना ठाऊक नसावं याची मात्र खंत वाटते. ठाऊक असलं तरी बहुतेकांना एवढंच माहीत असतं की ते वेळेवर पोचले नाहीत, महाराज रागावले आणि ते मोगलांना जाऊन मिळाले. गोष्ट तिथेच थांबवतात. खरं तर ती पुढे दिल्लीला जाते, काबूलला जाते आणि दहा वर्षांनी रायगडावर परत येते. मला स्वतःला त्यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. का, ते पुढे सांगते.

आधी सरनौबत म्हणजे काय ते बघू या. आपण सगळ्यांना सरसकट सेनापती म्हणून मोकळे होतो. स्वराज्याच्या फौजेत घोडदळाचा एक सरनौबत आणि पायदळाचा वेगळा सरनौबत असे. नेताजी घोडदळाचे. त्या घोडदळाची बांधणी एखाद्या नेटक्या संसारासारखी होती. २५ स्वारांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमलेदारांवर एक हजारी. त्याच्यावर पंचहजारी आणि या सगळ्यांच्या वर सरनौबत. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. दर २५ घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंदसुद्धा नेमलेला असे. लढाई तलवारीने जिंकतात हे खरं, पण घोड्याला वेळेवर पाणी आणि पायाला नाल नसेल तर तलवार चालवायची कुठे? घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नेताजींच्या आधी माणकोजी दहातोंडे सरनौबत होते. त्यांच्यानंतर हे पद नेताजींकडे आलं. सभासदाच्या बखरीत त्या वेळच्या घोडदळाचा आकडा दिलाय, सात हजार सरकारी पागा आणि तीन हजार शिलेदार. म्हणजे दहा हजार घोडी आणि तेवढीच माणसं एका माणसाच्या शब्दावर हलत होती.

त्यांचं नाव खऱ्या अर्थाने गाजलं ते अफझलखानाच्या वेळी. १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात काय झालं ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण शामियान्याबाहेर, जावळीच्या रानात खानाची फौज तशीच उभी होती. महाराज भेटीतून सुखरूप सुटले तरी ती फौज तिथे असेपर्यंत धोका टळलेला नव्हता. त्यासाठी मोरोपंतांचं पायदळ आणि नेताजींचे स्वार आधीपासून दबा धरून होते. तोफेचा इशारा झाला आणि दोन्हीकडून हल्ला चढला. ६५ हत्ती आणि चार हजार घोडे हाती लागल्याची नोंद बखरीत आहे. त्यानंतर मराठी फौज थांबली नाही. अवघ्या १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला. नेताजींचे स्वार तर आदिलशाही मुलूख तुडवत विजापूरच्या आसपासपर्यंत जाऊन धडकले. चौकच्या या माणसाच्या नुसत्या नावाने शहरांचे दरवाजे बंद व्हायला लागले होते.

पुढच्याच वर्षी हार कशी असते तेही त्यांनी पाहिलं. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि महाराज आत अडकले. वेढा फोडायला बाहेरून नेताजी आणि सिद्दी हिलाल चालून गेले. हा हिलाल महाराजांचाच सरदार. म्हणजे आतल्या राजाला सोडवायला एक पालकर आणि एक सिद्दी खांद्याला खांदा लावून लढत होते. लढाई निकराची झाली, पण वेढा तुटला नाही. हिलालचा तरणा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि फौजेला मागे फिरावं लागलं. शेवटी १२ जुलैच्या रात्री महाराज स्वतःच वेढ्यातून निसटले. पन्हाळा आणि नेताजी, या दोन नावांची गाठ तेव्हापासूनच काही बरी पडली नव्हती म्हणायची.

मैत्रिणींनो, आता जरा घरात डोकावू. मराठी फौजेचा नियम असा की पावसाळ्याचे चार महिने छावणीत काढायचे आणि दसऱ्याला बाहेर पडून उरलेले आठ महिने परमुलखात मोहीम करायची. मोहिमेत बायका न्यायला सक्त मनाई. हा नियम चांगलाच होता, त्यामुळे रयतेच्या लेकीबाळी सुरक्षित राहिल्या. पण त्याचा दुसरा अर्थ असा की हजारो घरांत वर्षातले आठ महिने बाई एकटी. शेत तिने बघायचं, म्हाताऱ्या सासूचं तिने करायचं, पोरांना ताप आला तर रात्र तिने जागवायची आणि कोणी घोडेस्वार गावात शिरला की छातीत धस्स व्हायचं. आपल्याकडच्या कातकरी वाड्यांमधली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. वाडीत मागे राहिलेल्या म्हातारीची वाट पाहणारी नजर ज्यांनी पाहिलीय, त्यांना त्या काळच्या घरांची कल्पना येईल. पालकरांच्या घरातही हेच असणार. इतिहासाने त्या बायकांची नावं ठेवली नाहीत. पण पुढे त्या बायका एकदा गोष्टीत येतात आणि अशा येतात की विसरता येत नाहीत.

आपल्या खालापूरच्या मातीनेही त्या काळात एक मोठी लढाई पाहिली. फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. फौज सुमारे वीस हजारांची. लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने ती खाली उतरली आणि चावणीजवळच्या उंबरखिंडीत सापडली. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे गच्च रान आणि चिंचोळी वाट. महाराजांनी पुढची वाट अडवली आणि मागची तोडली. माणसं मूठभर, पण जागा आपली. अडकलेल्या फौजेला पाणी मिळेना. त्या फौजेत माहूरची रायबागन नावाची एक सरदारीण होती. स्वतः हत्यार धरणारी, पदरी फौज बाळगणारी. आता अभिमान बाजूला ठेवून शरण जावं, हा शहाणा सल्ला खानाला दिला तो तिने. खानाने ऐकलं, खंडणी दिली, सामान टाकलं आणि माणसं जिवंत घेऊन परत गेला. वीस हजार पुरुषांच्या फौजेत वेळेवर खरं बोलायची हिंमत एका बाईने दाखवली. चावणीला अंबा नदीच्या काठी आज त्या विजयाचं स्मारक उभं आहे. कधी मुलांना घेऊन जा, जागा बघितली की लढाई आपोआप समजते.

उंबरखिंडीनंतर महाराज दक्षिण कोकणाकडे वळले आणि मोगलांना तोंड द्यायला मागे कोणाला ठेवलं, तर नेताजींना. घरातल्या कर्त्या माणसाने तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्याव्यात, तसा हा विश्वास. त्यांनी तो जिवावर उदार होऊन पाळला. १६६३ च्या सुरुवातीला ते मोगली मुलखात शिरले असताना मोठी मोगल फौज त्यांच्या मागे लागली. दिवसचे दिवस पाठलाग झाला. तीनशे घोडी गमावली, स्वतः जखमी झाले, पण हाती लागले नाहीत. त्यांना निसटून जायला मदत झाली ती विजापूरचा सरदार रुस्तुम-ए-जमान याची. त्याचा महाराजांशी आतून स्नेह होता. आणि त्याच वर्षी ५ एप्रिलच्या रात्री लाल महालात शिरून महाराजांनी शाइस्ताखानाची बोटं तोडली, तेव्हा मोगली छावणीबाहेर हजार माणसं घेऊन पाठराखण करत उभे होते ते नेताजीच. महिन्यापूर्वीची जखम तरी धड भरली असेल का?

मग १६६५ उजाडलं. मिर्झाराजा जयसिंग आणि दिलेरखान प्रचंड फौज घेऊन आले. पुरंदरला वेढा पडला. मोगलांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून नेताजींनी परांड्याकडे धुमाकूळ घातला, पण जयसिंग पक्का होता, तो हलला नाही. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. चौकहून इर्शाळच्या मागे जो आडवा प्रबळगड दिसतो ना, तोही त्यात गेला. म्हणजे नेताजींच्या गावाच्या डोक्यावरच मोगलांचं निशाण लागलं. त्याहून कठीण अट पुढे होती. ज्यांच्याशी इतकी वर्षं लढलो, त्या मोगलांच्या बाजूने आता विजापूरवर चालून जायचं. नेताजी गेले. पोटात काय कालवाकालव झाली असेल ती झाली असेल, पण राजाने मान्य केलेला तह सरदाराला पाळावाच लागतो.

विजापूर काही पडलं नाही. मोगल फौज मागे फिरली. तेव्हा महाराजांनी पन्हाळा घेऊन देतो म्हणून मोहीम काढली. १६ जानेवारी १६६६ च्या पहाटे, अंधार असतानाच हल्ला केला. गडावरची माणसं जागी होती. सुमारे हजार माणसं मेली आणि जखमी झाली. महाराजांना विशाळगडाकडे माघार घ्यावी लागली. ज्या वेळी नेताजींची कुमक पोचायला हवी होती, त्या वेळी ती पोचली नाही. महाराजांनी त्यांना बोल लावला आणि सरनौबतपद काढून घेतलं.

बारा हल्ले परतवलेला, जखमा अंगावर बाळगणारा माणूस. एका पहाटे उशीर झाला आणि सगळं गेलं. महाराजांचं तरी काय चुकलं? डोळ्यांसमोर हजार माणसं पडली होती. नियम सगळ्यांना सारखा. स्वतःच्या उजव्या हातालाही तो लावला म्हणून तर ते महाराज. दोघांची बाजू समजते आणि म्हणूनच जास्त वाईट वाटतं. घराघरांतही असंच होतं बघा. परक्याच्या शंभर चुका पोटात घालतो, पण आपल्या माणसाची एकच चूक जिव्हारी लागते.

पुढे मात्र नेताजींचं पाऊल घसरलं, ते झाकायचं कारण नाही. ते विजापूरकरांकडे गेले. त्यांनी चार लाख होन देऊ केले होते. आता नेताजी मोगली मुलखावर स्वाऱ्या करू लागले. जयसिंगाच्या लक्षात आलं की हा माणूस समोर ठेवणं परवडणार नाही. महाराज आग्र्याच्या वाटेवर असताना, २० मार्च १६६६ रोजी त्याने नेताजींना आपल्याकडे वळवलं. पाच हजारी मनसब, जहागीर आणि रोख ३८ हजार रुपये. आदल्या वर्षी शंभूराजांना दिलेली मनसबही पाच हजारीच होती, यावरून मोगलांनी नेताजींची किंमत काय केली ते कळतं.

किंमत केली, पण विश्वास ठेवला नाही. १७ ऑगस्टला महाराज आग्र्याहून निसटले आणि बादशहाला पहिली भीती वाटली ती नेताजींची. शिवाजी सुटला, आता हाही जाणार. हुकूम सुटला आणि ऑक्टोबरमध्ये धारूरच्या छावणीत नेताजींना कैद झाली. बरोबर त्यांचे चुलते कोंडाजीही होते. सात महिन्यांपूर्वी मनसब देऊन घेतलेल्या माणसाच्या हातापायात बेड्या घालून त्याला उत्तरेला नेलं.

तिथे त्यांचे हाल झाले. सुटकेचा मार्ग एकच ठेवला होता, धर्म बदलायचा. १६६७ मध्ये नेताजी पालकरांचं मुहम्मद कुली खान झालं. आणि इथे त्या बायका गोष्टीत येतात. बादशहाच्या हुकमावरून नेताजींच्या बायकांना दक्षिणेतून पकडून दिल्लीला आणलं. त्यांनीही धर्म बदलावा असं फर्मावलं. त्यांनी आधी साफ नकार दिला. मग नेताजींनीच त्यांची समजूत घालावी असा हुकूम झाला. शेवटी त्यांना मान्य करावं लागलं आणि त्याच नवऱ्याशी त्यांचं नव्या रीतीने पुन्हा लग्न लावण्यात आलं.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. डोंगरात वाढलेल्या, आठ महिने नवऱ्याची वाट बघण्याची सवय असलेल्या या बायका. भाषा परकी, मुलूख परका, समोर हिंदुस्थानचा बादशहा. नवऱ्याने मान तुकवलेली. तरी त्या नाही म्हणाल्या. फार टिकलं नाही ते नाही, टिकणं शक्यच नव्हतं. पण ते उच्चारलं गेलं आणि बादशाही दफ्तरात त्याची नोंद झाली. नाव नसलेल्या बायकांचं ते नाही आजपर्यंत शिल्लक राहिलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही काही शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी धर्मावरून भांडायची गोष्ट नव्हे. त्याच महाराजांच्या फौजेत सिद्दी हिलाल होता आणि त्याने स्वतःचा मुलगा पणाला लावला होता. नेताजींना निसटायला मदत करणारा रुस्तुम-ए-जमान होता. अन्याय होता तो जबरदस्तीचा. मनाविरुद्ध कोणाचं नाव बदलणं, घर बदलणं, देव बदलणं, मग ते कोणीही करो, हा अन्यायच.

यानंतर नेताजींची रवानगी काबूलकडे झाली. लाहोरला त्यांनी पळून जायचा प्रयत्न केला, तो फसला. मग जवळजवळ नऊ वर्षं अफगाणांशी चाललेल्या लढायांत घालवली. सह्याद्रीच्या पावसात वाढलेला माणूस तिकडच्या बर्फात कसा राहिला असेल? इकडे मात्र दिवस पुढे जात होते. महाराजांनी गेलेले किल्ले परत घेतले. घोडदळाचे नवे सरनौबत प्रतापराव गुजर झाले. ते २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला अवघ्या सहा स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले आणि गेले. त्यांच्या जागी हंबीरराव मोहिते आले. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. ज्या राज्यासाठी नेताजींनी अंगावर वार झेलले, त्याच्या सगळ्यात मोठ्या सोहळ्याच्या वेळी ते शेकडो कोस दूर परक्या नावाने परक्याची चाकरी करत होते. अकरा दिवसांनी, १७ जूनला जिजाऊ गेल्या. आपल्या ओळखीचं कोणी उरलंय का, आपल्याला कोणी ओळखेल का, असं त्यांच्या मनात आलं नसेल का?

१६७६ मध्ये बादशहाने त्यांना दिलेरखानाबरोबर दक्षिणेत पाठवलं. इतक्या वर्षांत माणूस पुरता आपला झाला असणार, असा त्याचा हिशोब. दक्षिणेची हवा लागली आणि नेताजी थेट रायगडावर आले.

इथे क्षणभर महाराजांच्या जागी उभ्या राहून विचार करा. ज्याला आपण काढून टाकलं, जो आधी विजापूरला आणि मग मोगलांना मिळाला, ज्याने दहा वर्षं बादशहाचं मीठ खाल्लं, तो दारात उभा आहे. हेर असला तर? दरबारात कुजबुज झाली नसेल असं नाही. आणि त्या काळची रीत तर अशी की एकदा धर्म सुटला की परतीची वाट बंद. पंगतीला घेणार कोण, सोयरीक करणार कोण?

महाराजांनी दार उघडलं. १९ जून १६७६ रोजी नेताजींनी प्रायश्चित्त घेतलं आणि ते पुन्हा नेताजी पालकर झाले. शकावलीत याची नोंद आहे. इतक्या मोठ्या गोष्टीला एक ओळ पुरली.

याला आधीचा एक दाखला होता. फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांवर विजापुरात अशीच वेळ आली होती. जिजाऊंनी पुढाकार घेऊन त्यांना परत आणल्याचं सांगतात. नुसतं परत घेऊन भागत नाही हे ती माउली जाणून होती. म्हणून महाराजांची लेक सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजींना दिली. राजाने स्वतःची पोर दिल्यावर गावात नाक मुरडायची कोणाची हिंमत? नेताजी परतले तेव्हा जिजाऊ नव्हत्या. पण त्यांनी घालून दिलेला धडा होता.

परतलेल्या नेताजींना सरनौबतपद पुन्हा मिळालं नाही. त्या जागी हंबीरराव होते आणि ते त्या जागेला लायकच होते. नेताजींनी दहा वर्षांपूर्वीच्या मानाचा हट्ट धरला नाही आणि महाराजांनीही जुना हिशोब उकरला नाही. नातं तुटल्यावर ते पूर्वीसारखं अगदी तसंच जुळत नाही, पण जुळतं. तेवढं पुष्कळ असतं.

आता सुरुवातीला सांगितलं होतं, शेवटचा भाग का मोलाचा वाटतो, त्याकडे येते. बचत गटांच्या निमित्ताने मी बरीच वर्षं कर्जत-खालापूरच्या गावांत आणि वाड्यांवर हिंडते. सासरचा छळ सोसवेना म्हणून माहेरी परत आलेल्या किती तरी मुली भेटतात. माहेरचं दार त्यांच्यासाठी उघडतं, नाही असं नाही. पण ते अर्धंच उघडतं. स्वयंपाकघरात तिला जागा असते, हळदीकुंकवाच्या ताटापाशी नसते. भावाच्या लग्नात ती मागे मागे राहते. कोणी पाहुणा आला की तिला आतल्या खोलीत काम निघतं. आमच्या एका गटात अशी एक मुलगी आहे. हिशोबात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण गटाची अध्यक्ष करायची वेळ आली तेव्हा चार जणींनी तोंडं फिरवली. कारण विचारलं तर कोणी बोलेना. ती नांदली नाही, एवढंच कारण.

तिची तर चूकसुद्धा नव्हती. नेताजींची होती. ते स्वतःच्या पायाने शत्रूकडे गेले होते आणि तरी त्यांना परत घेणारं एक दार निघालं. साडेतीनशे वर्षांपूर्वी, सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात, राजाला जे जमलं ते आपल्याला आपल्या ओटीवर जमू नये?

त्या दिवशी बैठकीत मी भाषण केलं नाही. चौकच्या नेताजींची ही गोष्ट तेवढी सांगितली, पन्हाळ्यापासून रायगडापर्यंत. त्यांच्या बायकांचा नकारही सांगितला. बायका शांत बसून ऐकत होत्या. पुढच्या संक्रांतीला त्याच चौघींपैकी एकीने त्या मुलीला पहिलं वाण दिलं. अध्यक्षपदाचं अजून व्हायचंय. होईल.

शूर सरदार आपल्या इतिहासात पुष्कळ झाले आणि त्यांच्या लढायांची वर्षं मुलं परीक्षेपुरती पाठ करतात. नेताजींच्या लढायाही त्यांना जरूर सांगा. जावळी सांगा, लाल महालाबाहेरची ती रात्र सांगा. पण गोष्ट पन्हाळ्याच्या उशिरापाशी थांबवू नका. ती रायगडाच्या दारापर्यंत न्या. आणि कधी चौकच्या नाक्यावर गाडीची वाट बघत उभ्या असाल, तर इर्शाळच्या सुळक्याकडे बघून या गावच्या लेकाची आठवण काढा. फार लांब गेला होता तो. पण परत आला, आणि त्याला परत घेतलं गेलं.